गाठीतलं एन्झाइम मोजून कॅन्सर परत येणार का, ते कळतं का?

प्रश्न निपाणीकडच्या एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: आई ५६ वर्षांची, घरी विड्या वळते, पाळी जाऊन पाच वर्षं झाली. डाव्या स्तनातली २.२ सेंटिमीटरची गाठ काढली. रिपोर्टात ग्रेड २, काखेतले १४ नोड (लसिकाग्रंथी) तपासले आणि सगळे स्वच्छ, ईआर आठपैकी आठ, पीआर आठपैकी पाच, हर-टू २ प्लस, केआय-६७ १८ टक्के. (ईआर, पीआर म्हणजे गाठीच्या पेशींतले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हॉर्मोन्स पकडणारे ग्राहक; केआय-६७ म्हणजे वाढीला लागलेल्या पेशींचं प्रमाण; हर-टूचं पुढं सांगते.) कोल्हापूरच्या मामांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. गाठीतल्या एन्झाइमची ताकद मोजली की कॅन्सर परत येणार की नाही ते आधीच कळतं, असं त्यात सांगितलंय. ‘आमच्या डॉक्टरांनी हे सांगितलंच नाही. गाठ मुंबईला पाठवून ही टेस्ट करून घेऊ का? आणि रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज १६८ आलंय, तेही एन्झाइमच ना?’

मी बेळगावात पॅथॉलॉजिस्ट आहे, सव्वीस वर्षं हेच काम करते. म्हणजे ऑपरेशन सर्जन करतात, केमो दुसरे डॉक्टर देतात आणि गाठीचं नाव काय ते मी सांगते. उत्तर त्या खुर्चीतून देते आहे.

आधी एक सांगते. मामांचा व्हिडिओ खोटा नाही. तुमच्या आईंना त्याचा उपयोग नाही, इतकंच. खरी लक्ष घालायची गोष्ट तुमच्या हातातल्या कागदावरच आहे, ‘हर-टू २ प्लस’ या ओळीत. ते उत्तर अर्धवट आहे आणि ते पुरं झाल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही.

आता व्हिडिओतलं एन्झाइम. शाळेच्या मराठी पुस्तकात त्याला विकर म्हणतात. व्हिडिओत बहुधा ज्याबद्दल बोलले असतील ते युरोकायनेज, संक्षेपात यूपीए. (दिल्लीतलं नव्हे.) हार्ट ॲटॅकमध्ये रक्ताची गुठळी विरघळवायला ज्याचं इंजेक्शन वापरलं गेलं, तेच हे. माणसाच्या लघवीत ते पहिल्यांदा सापडलं म्हणून नाव तसं. शरीरात त्याचं काम म्हणजे प्लाझमिन नावाचं दुसरं एन्झाइम जागं करणं, आणि प्लाझमिन पेशींभोवतीचा जाळीदार थर विरघळवतं. जखम भरताना पेशींना सरकायला वाट लागते, तेव्हा हे कामाचं. कॅन्सरची पेशी तीच वाट चोरते. उसाच्या फडात पाणी एका सरीत थांबायला हवं, पण कुणी रात्रीतून बांधाला खोरं घातलं तर सकाळी शेजारच्या वावरात पाणी. यूपीए म्हणजे ते खोरं.

मग ज्या गाठीत खोरी जास्त, ती गाठ पुढं पसरण्याची शक्यता जास्त, असा विचार कुणालाही सुचेल. १९८८ मध्ये डब्लिनच्या मायकेल डफी यांच्या गटानं तो मोजून दाखवला: गाठीत यूपीएची ॲक्टिव्हिटी जास्त, तर आजार लवकर परतला. पुढं म्युनिकच्या डॉक्टरांनी ॲक्टिव्हिटीऐवजी त्या प्रथिनाचं प्रमाण मोजायला सुरुवात केली, कारण ते मोजणं जास्त भरवशाचं होतं. त्यांना एक चमत्कारिक गोष्टही सापडली. यूपीएला अडवणारं एक प्रथिन शरीरातच असतं, पीएआय-१. ते म्हणजे ब्रेक. ब्रेक जास्त असेल तर गाडी सावकाश जायला हवी. इथं उलटं निघालं. पीएआय-१ जास्त असलेल्या बायकांचा आजार जास्त परतला. कारण हा ब्रेक नुसता ब्रेक नाही. पेशी जिथं चिकटलेली असते तिथून तिला सुटं करायला आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायलाही तो हातभार लावतो. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापण्यात चूक झाली असं वाटलं होतं.

२००२ मध्ये युरोपातल्या ८,३७७ रुग्णांची माहिती एकत्र करून हे पुन्हा तपासलं गेलं आणि ते टिकलं. जर्मनीत १९९३ पासून एक चाचणीही झाली, फक्त काखेतले नोड स्वच्छ असलेल्या बायकांवर, म्हणजे अगदी तुमच्या आईंसारख्या. दोन्ही प्रथिनं कमी असलेल्यांना केमो दिलीच नाही. दहा वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे १३ टक्क्यांचा आजार परतला. प्रमाण जास्त असूनही केमो न मिळालेल्यांत हा आकडा सुमारे २३ टक्के होता. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं २००७ मध्ये ही टेस्ट शिफारशीत घेतली. इतका पुरावा असलेल्या टेस्ट आमच्या धंद्यात फार नाहीत.

मग तुमच्या डॉक्टरांनी का सांगितली नाही? कारण ती ताज्या, गोठवलेल्या तुकड्यावर होते. ऑपरेशन टेबलावरून गाठ निघाली की थोड्याच वेळात तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये जायला हवा. आपल्याकडे द्रव नायट्रोजन बघायचा तर जनावरांच्या दवाखान्यात, गायीच्या कृत्रिम रेतनाच्या कॅनमध्ये. माणसांच्या थिएटरबाहेर तो कॅन घेऊन कुणी उभं राहत नाही. तुमच्या आईंची गाठ फॉर्मालिनमध्ये गेली, मग मेणात. फॉर्मालिन प्रथिनांचे हातपाय एकमेकांना बांधून टाकतं. उकडलेलं अंडं डोळ्यांना अंडंच दिसतं, त्यातून पिल्लू निघत नाही. तसं एन्झाइम जागेवर दिसतं, पण काम करत नाही आणि मोजायला सुटं काढताही येत नाही. त्या मेणाच्या ब्लॉकवर ही टेस्ट आता मुंबईत काय, म्युनिकमध्येही होणार नाही. डॉक्टरांनी काही लपवलेलं नाही.

इथं जरा थांबून एक प्रसंग सांगते, कारण सगळं गाडं इथंच अडतं आणि व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी संध्याकाळी लॅब बंद करता करता एक माणूस दारात आला. एसटीनं आला होता, हातात कापडी पिशवी, पिशवीत लोणच्याची बरणी, बरणीत त्याच्या बायकोचा स्तन. आदल्या दिवशी दुपारी एका लहान दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं. आतलं पाणी नाकाला झोंबलं नाही तेव्हाच मी समजले. ते फॉर्मालिन नव्हतं, सलाइन होतं. बरणी अरुंद, त्यामुळं सगळं दाबून बसवलेलं, एकही छेद घेतलेला नाही. मी कापलं तर वरचा थर ठीक आणि गाठीचा मधला भाग मऊ, राखाडी, बोटाला लागेल असा. फॉर्मालिन असतं तरी ते तासाला मिलिमीटरच्या हिशेबानं आत शिरतं. अख्ख्या स्तनाच्या मध्यापर्यंत पोचायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर आतलं सडतं. त्या बाईंच्या स्लाइडवर ईआर काठाला दिसत होता आणि मध्ये काहीच नाही. त्यावर ‘ईआर निगेटिव्ह’ लिहिलं असतं तर पाच वर्षांची, हॉर्मोन अडवणारी साधी गोळी तिच्या नशिबातून गेली असती. सुदैवानं ऑपरेशनआधी सुईनं काढलेला तुकडा दुसऱ्या लॅबमध्ये होता, तो नीट जपलेला. तो मागवला, ईआर जोरात पॉझिटिव्ह निघाला.

नियम साधे आहेत. गाठ निघाल्यापासून तासाच्या आत, पाव पाव बोटावर छेद घेऊन, भरपूर १० टक्के फॉर्मालिनमध्ये. त्यात किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२. आमच्या सीमाभागात निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणी अशा ठिकाणांहून नमुने बसनं, नातेवाइकांच्या हातानं येतात, शनिवार-रविवार जोडून आला की ७२ तासही उलटतात. आंधळेपणानं रिपोर्ट देण्यापेक्षा मी हल्ली सरळ लिहिते की नमुना कसा आला होता. काही सर्जनना राग येतो. येऊ दे.

आता तुमच्या रिपोर्टाकडे. तुम्हाला एन्झाइमच हवंय ना, तर हर-टू हे एन्झाइमच आहे. पेशीच्या पडद्यात रुतून बसलेलं, बाहेरून निरोप आला की आतल्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून ‘वाढा’ असा हुकूम देणारं. आमच्या भाषेत टायरोसिन कायनेज. साधारण शंभरातल्या १५ ते २० स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याच्या जनुकाच्या भाराभर प्रती झालेल्या असतात. १९८७ मध्ये डेनिस स्लॅमन यांनी लॉस एंजेलिसमध्ये दाखवलं की अशा बायकांचा आजार लवकर परततो. तेव्हा ही नुसती वाईट बातमी होती. १९९८ मध्ये हर-टूला अडवणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध आलं, २००५ मध्ये ऑपरेशननंतरच्या चाचण्यांचे निकाल आले आणि आजार परतण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं.

यातला फरक नीट पाहा. यूपीए सांगतं पुढं काय होऊ शकतं. हर-टू तेही सांगतं आणि शिवाय कोणतं औषध लागू पडेल तेही सांगतं. पहिलं पंचांग, दुसरं किल्ली. माझ्या मते पेशंटनं पैसे खर्च करायचे तर आधी किल्लीवर करावेत.

२ प्लस म्हणजे काय, ते मी रोज बघते म्हणून सांगते. स्लाइड आधी गरम करून घ्यावी लागते, फॉर्मालिननं बांधलेले हातपाय थोडे सोडवायला. आमच्याकडे त्यासाठी अजून स्टीलचा प्रेशर कुकर आहे, स्वयंपाकघरातला असतो तसाच. मग रंग चढवला की हर-टू तपकिरी दिसतं. ३ प्लसमध्ये प्रत्येक पेशीभोवती जाड, पुरी तपकिरी रेघ. सगळं मिळून कोंबडीच्या खुराड्याच्या जाळीसारखं. भिंग न बदलताही कळतं. शून्य आणि १ प्लसमध्ये रेघ नाही, किंवा पुसट आणि तुटक. २ प्लसमध्ये रेघ पुरी आहे पण फिकी. आज मला हो वाटेल, उद्या दुसऱ्याला नाही. म्हणून नियमच आहे की २ प्लसवर थांबायचं नाही, त्याच ब्लॉकवर फिश टेस्ट करायची. मासे नाहीत त्यात. अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली किमान २० पेशींत लाल आणि हिरवे ठिपके मोजतात. लाल हर-टूच्या जनुकाचे, हिरवे ते जनुक ज्यावर बसतं त्या गुणसूत्राचे. लाल ठिपके हिरव्यांच्या दुप्पट किंवा जास्त, आणि पेशीमागे चार किंवा जास्त, तर हर-टू पॉझिटिव्ह. ब्लॉक पुण्या-मुंबईला किंवा बंगळूरला पाठवूनही होते, आईंना कुठं जावं लागत नाही.

पॉझिटिव्ह निघालं तर केमोबरोबर वर्षभर ट्रास्टुझुमॅब, आणि मधून मधून हृदयाची इको. या औषधाची किंमत ऐकूनच पूर्वी माणसं उठून जायची. २०१४ मध्ये बंगळूरच्याच बायोकॉननं त्याचा देशी बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध) बाजारात आणला, मग इतरांनी आणले, आता किंमत बरीच खाली आहे. घाबरून टेस्टच टाळणारे लोक मी पाहिलेत, ‘पॉझिटिव्ह आलं तर झेपणार नाही’ म्हणून. तसं करू नका.

‘पॉझिटिव्ह’ शब्दाचंही एक आहे. कोरोनानंतर हा शब्द ऐकला की आमच्याकडे बायका तिथंच रडायला लागतात. ईआर आठपैकी आठ पॉझिटिव्ह ही तुमच्या रिपोर्टातली सगळ्यात चांगली ओळ आहे. १४ नोड स्वच्छ, ही दुसरी.

फिश निगेटिव्ह आली तर प्रश्न उरतो केमोचा. पन्नाशीपुढची बाई, नोड स्वच्छ, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह: याच गटासाठी मेणाच्या ब्लॉकवर होणाऱ्या जनुकांच्या टेस्ट निघाल्या. ऑन्कोटाइपमध्ये २१ जनुकं मोजतात आणि गंमत म्हणजे त्यात दोन एन्झाइम बांध फोडणारीच आहेत, स्ट्रोमेलायसिन-३ आणि कॅथेप्सिन एल-२. फक्त ती काम किती करतात ते इथं मोजत नाहीत, पेशीनं त्यांची ऑर्डर किती काढली ते मोजतात. ऑर्डरचा कागद, म्हणजे आरएनए, मेणात तुकडे तुकडे होऊनही वाचता येतो. व्हिडिओतली कल्पना अशी दुसऱ्या दारानं आत आलीच. २०१८ मध्ये दहा हजारांवर बायकांच्या चाचणीचा निकाल आला: पन्नाशीपुढच्या, नोड स्वच्छ असलेल्या बायकांत स्कोअर २५ पर्यंत असेल तर गोळीला केमो जोडून फायदा दिसला नाही. टेस्टचा खर्च मात्र लाखांत आहे. बंगळूरमध्ये तयार झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट त्यापेक्षा स्वस्त पडते, तिच्यात ब्लॉकवरच पाच प्रथिनं बघतात. दोन्हीपैकी काही झेपत नसेल तर गाठीचा आकार, ग्रेड, नोड आणि केआय-६७ यांवर डॉक्टर ठरवतात, आणि तसं ठरवणं म्हणजे दुय्यम उपचार नव्हे. केआय-६७ वर मात्र फार भार टाकू नका. ५ किंवा खाली, आणि ३० किंवा वर, एवढ्याच टोकांना आम्ही आपापसात मान डोलावतो. तुमचा १८ मधला आहे. तीच स्लाइड दुसऱ्यानं मोजली तर १२ येईल, तिसऱ्यानं २५.

गोळी मात्र दोन्ही बाजूंनी लागणारच, आणि तीही एन्झाइमवरचीच. पाळी गेल्यावर बीजकोश इस्ट्रोजेन बनवत नाहीत. अंगावरच्या चरबीतलं ॲरोमॅटेज नावाचं एन्झाइम ते बनवतं. लेट्रोझोल रोज २.५ मिलिग्रॅम, किमान पाच वर्षं, ते एन्झाइम बंद ठेवतं. सांधे धरतात, हाडं विरळ होतात. विड्या वळायला तासन्‌तास एका जागी बसणाऱ्या बाईला ते जास्तच जाणवेल, आणि १४ नोड काढलेल्या बाजूचा खांदाही. पहिल्या दोन महिन्यांत ‘गोळीनं अंग दुखतंय’ म्हणून गुपचूप बंद करणाऱ्या खूप असतात. दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. हाडांची डेक्सा तपासणी सुरुवातीलाच करून ठेवा.

बाकी एन्झाइमांची नावं व्हिडिओत येतात, त्यांचं दोन ओळींत उरकते. कॅथेप्सिन डी १९९० च्या सुमाराला फार गाजलं. नंतर एका लॅबचा निकाल दुसरीशी जुळेना, कारण ते कॅन्सरच्या पेशीतही असतं आणि गाठीत शिरलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशींतही, आणि गाठ वाटून रस काढला की कुणाचं कोणतं ते कळत नाही. थायमिडीन कायनेज रक्तात मोजण्याची टेस्ट अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाली, पण ती आजार पसरलेल्या बायकांत औषध चालतंय का ते बघायला. तुमचा विषय नाही.

पैशाचं आणि कागदाचं. कर्नाटकाचं आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक कार्ड असेल तर ते काढून ठेवा. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली. तुमचं गाव त्यात आहे का आणि कुठलं रुग्णालय ती घेतं, हे भरती होण्याआधी रुग्णालयाच्या मदत कक्षात विचारा, फोनवर नको, समोर उभं राहून. दोन राज्यांच्या मध्ये राहणाऱ्यांचं दोन्हीकडून होतं किंवा दोन्हीकडून राहतं.

लॅबमधून ब्लॉक मागायला जाल तेव्हा ‘रिपोर्ट द्या’ म्हणू नका, ‘पॅराफिन ब्लॉक आणि हर-टूची स्लाइड द्या, फिशसाठी’ असं म्हणा. गाठीचे बरेच ब्लॉक असतात; जास्त कॅन्सर असलेला कोणता ते त्यांनाच निवडू द्या, त्याचा नंबर लिहून घ्या. छोटी काडेपेटीएवढी मेणाची वडी असते. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वितळते. सुईच्या तुकड्याचा ब्लॉक असेल तर तोही मागा. गाठ ऑपरेशननंतर कशी ठेवली होती याची खात्री नसेल तर मी फिश त्यावर करते.

राहिलं अल्कलाइन फॉस्फटेज. तेही एन्झाइमच, पण गाठीतलं नव्हे. यकृतातून आणि हाडांतून रक्तात येणारं. आमच्याकडे या वयाच्या निम्म्या बायकांचं ड जीवनसत्त्व कमी असतं, त्यानंही ते चढतं. जीजीटी ही साधी रक्ततपासणी करा. तीही वाढलेली असेल तर यकृताची सोनोग्राफी. जीजीटी नॉर्मल असेल तर बोट हाडांकडे जातं, मग कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बघा. हाड दुखत नसेल, नोड स्वच्छ असतील, तर नुसत्या १६८ वर बोन स्कॅन करायला धावायचं कारण नाही. महिन्यानं त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. त्याच लॅबमध्ये, कारण प्रत्येकाची नॉर्मलची रेघ वेगळी असते, आणि तुमच्या कागदावर ती कुठं आहे ते तुम्ही मला लिहिलेलं नाही.